छोट्या डोनर देशांचा पैसा नेमका कुठे जातो, हे एका संध्याकाळी कसं तपासायचं

मुंबईतल्या लहान-मोठ्या संस्थांच्या मीटिंगमध्ये फंडिंगचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, नॉर्वे बघा, लक्झेंबर्ग बघा, एवढेसे देश पण किती मदत करतात, आपण त्यांना प्रपोजल का टाकत नाही. मग दोन-तीन आठवडे प्रपोजल लिहिण्यात जातात, सीए बसून आकडे काढून देतो, ट्रस्टी सह्या करतात, आणि तिकडून साधं उत्तरही येत नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं, त्या वर्षाचा पैसा कुठे जाणार हे त्या देशाने आपलं प्रपोजल पोचायच्या खूप आधी ठरवून टाकलेलं असतं, आणि ठरवलेलं जवळपास सगळं कोणालाही फुकट वाचता येईल असं उघड्यावर ठेवलेलं असतं. ते वाचायचं कसं एवढंच इथे सांगतोय. गोवंडी, मानखुर्द, मालवणी, धारावी इकडे काम करणाऱ्या संस्थांतली मंडळी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण देवनारला टिसमध्ये शिकणाऱ्यांना किंवा यूपीएससीवाल्यांनाही उपयोगी पडेल. लागतं काय, तर लॅपटॉप, नेट, एक्सेल आणि सलग दोन-तीन तास.

आधी आकाराचा अंदाज घ्या

लक्झेंबर्गची लोकसंख्या सात लाखांच्याही आत आहे. आपल्या कुर्ला-साकीनाका भागाच्या एल वॉर्डात २०११ च्या जनगणनेत नऊ लाखांच्या आसपास माणसं होती. आइसलँड तर चार लाखांच्या आतबाहेर. नॉर्वे म्हणजे साधारण ५५ लाख, मुंबईच्या निम्म्यापेक्षा कमी. पैशाचं बघायचं तर २०२३ मध्ये नॉर्वेने जगभरात दिलेली मदत साधारण ५.५ अब्ज डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने ४५ हजार कोटी रुपयांच्या आसपास, आणि आपल्या बीएमसीचं २०२४-२५ चं बजेट होतं ५९,९५४ कोटी. म्हणजे जगातला सगळ्यात उदार म्हणवला जाणारा देश सगळ्या खंडांत मिळून वर्षाला जेवढं देतो त्यापेक्षा आपली महापालिका एका शहरासाठी जास्त पैशांचा हिशोब मांडते. लक्झेंबर्गची २०२३ ची रक्कम तर ६० कोटी डॉलरच्याही आत होती.

हे नॉर्वे-लक्झेंबर्गला कमी लेखायला सांगत नाहीये, उलट त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण आकार एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं समजतं. एवढ्या पैशात आणि एवढ्याशा स्टाफमध्ये शंभर देशांत काम करता येत नाही, निवड करावीच लागते, आणि ती निवड कशी होते हेच आपल्याला शोधायचंय.

टक्केवारी आणि रक्कम यांची गल्लत मात्र करू नका. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी असं यूएनच्या महासभेने १९७० मध्ये ठरवलं, आणि २०२४ च्या प्राथमिक आकड्यांत ही रेषा ओलांडणारे देश होते फक्त चार: नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क. त्याच वर्षी अमेरिका रकमेने सगळ्यात पुढे होती, पण टक्का ०.२२ च्या आसपास. म्हणून वर्तमानपत्रात 'सर्वात उदार देश' वाचलं तर टक्का बोलतोय का रक्कम बोलतेय ते आधी बघा, आणि तुमच्या कामासाठी यातलं कुठलंच पुरेसं नाही हेही लक्षात ठेवा.

ग्रॉस सोडा, इन-हँड किती ते काढा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात. पगाराच्या स्लिपवर ग्रॉस वेगळा आणि बँकेत जमा होणारा आकडा वेगळा असतो ना, तसंच डोनर देशाचं असतं. ओडीए, म्हणजे अधिकृत विकास मदत, म्हणून जो एकूण आकडा जाहीर होतो त्यातून देशाच्या हातात खरं वाटपासाठी किती उरतं ते वजाबाकी करून काढायचं.

पहिली वजाबाकी बहुपक्षीय, म्हणजे अनेक देशांनी मिळून चालवलेल्या संस्थांची. युरोपियन युनियनमधला छोटा देश असेल, समजा स्लोव्हेनिया, चेकिया, लिथुआनिया, तर त्याच्या ओडीएचा बराच मोठा भाग थेट युनियनच्या बजेटमधून जातो, तो द्यावाच लागतो, त्यात त्या देशाच्या मंत्रालयाला इकडचं तिकडे करता येत नाही. त्यावर यूएनच्या संस्था, वर्ल्ड बँकेची आयडीए (गरीब देशांना सवलतीत पैसा देणारी शाखा), प्रादेशिक बँका. नवीन छोट्या युरोपियन देशांच्या बाबतीत एरवीच्या वर्षात हाच भाग निम्म्याच्या वर भरतो.

दुसरी वजाबाकी निर्वासितांची. ओईसीडीच्या नियमांप्रमाणे, देशात आलेल्या निर्वासितांच्या पहिल्या बारा महिन्यांचा राहण्या-खाण्याचा खर्च विकास मदत म्हणून मोजता येतो. म्हणजे पैसा देशाबाहेर गेलाच नाही तरी मदत वाढलेली दिसते. आयर्लंडचं बघा, २०२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३० टक्क्यांच्या आसपास असलेली मदत २०२२ मध्ये एकदम ०.६० च्या वर गेली, आणि ती मुख्यतः युक्रेनमधून आलेल्या लोकांच्या सोयीवर झालेल्या खर्चामुळे. स्वीडनच्या २०१५ च्या मदतीतला जवळपास एक तृतीयांश भाग असाच देशातल्या देशात खर्च झाला होता. त्या लोकांना आसरा दिलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही, पण तो खर्च मलावी किंवा बिहारच्या नावाच्या रकान्याशेजारी त्याच बेरजेत बसवणं मला पटत नाही, कारण त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याची साफ दिशाभूल होते. ऑस्ट्रेलिया आणि लक्झेंबर्ग हा खर्च मदतीत धरत नाहीत, म्हणजे न धरता चालतं हे उघड आहे.

तिसरी वजाबाकी प्रशासनाची, म्हणजे त्यांची ऑफिसं, स्टाफ वगैरे. शिवाय त्यांच्या देशात शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांचा खर्च काही देश धरतात, तोही बघा. एवढं सगळं वजा करून जे उरतं ती खरी वाटणीची रक्कम, आणि पुष्कळदा ती बघून ट्रस्टींचा चेहरा बदलतो. बदलू दे, आधी कळलेलं बरं.

आकडे कुठे मिळतात

ओईसीडीची डेव्हलपमेंट असिस्टन्स कमिटी, सगळे तिला डॅक म्हणतात, १९६१ पासून आहे, तीसच्या वर सदस्य आहेत आणि प्रत्येकाला आपल्या खर्चाची एकेक नोंद द्यावी लागते. त्या नोंदींच्या डेटाबेसला सीआरएस म्हणतात, पूर्ण नाव क्रेडिटर रिपोर्टिंग सिस्टीम, आणि ओईसीडीच्या साईटवर डेटा एक्सप्लोररमध्ये तो मिळतो. लॉगिन नाही, फी नाही. देश निवडा, वर्ष निवडा, डाऊनलोड करा. पहिल्यांदा करताय तर आइसलँड घ्या, कारण फाईल लहान असते, डोळ्याने वाचून काढता येते.

फाईल उघडली की रकाने बघून घाबरू नका, खूप रकाने असतात पण आपल्याला पाच-सहाच लागतात. घेणारा देश कोण. पर्पज कोड काय, म्हणजे पैसा कुठल्या विषयाला गेला, हा पाच आकडी असतो, ११२२० म्हणजे प्राथमिक शिक्षण, १२२२० म्हणजे प्राथमिक आरोग्य सेवा, १४०३० म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता, ४३०३० म्हणजे शहरी विकास, ३१३२० म्हणजे मासेमारी, आणि वर सांगितलेले निर्वासित म्हणजे ९३०१०, प्रशासन ९१०१०. मग चॅनल कोड, म्हणजे पैसा कोणाच्या हातून गेला. मग कबूल केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम, हे दोन वेगळे रकाने आहेत, तुम्ही प्रत्यक्ष दिलेलीच घ्या. कबुलीचा आकडा एखाद्या वर्षी पाच वर्षांच्या कराराचा एकरकमी पडलेला असतो आणि मग चार्टमध्ये उगाच डोंगर दिसतो. शेवटी वर्णनाचा रकाना, तो अवश्य वाचा, तिथे कधीकधी गावाचं, हॉस्पिटलचं नाव सुद्धा सापडतं.

९३०१० आणि ९१०१० ला फिल्टर लावून त्या ओळी बाजूला काढा. मग घेणाऱ्या देशाच्या रकान्यात जिथे देशाचं नाव नसून 'विकसनशील देश, अनिर्दिष्ट' अशा अर्थाचं लिहिलंय त्या ओळी वेगळ्या करा, त्या बऱ्याच असतात. उरलं त्याचं पिव्हट टेबल काढा, देश खाली, वर्ष आडवं, पाच वर्षांचं. अर्ध्या तासाचं काम आहे आणि यातून जे दिसतं ते कुठल्याही ब्रोशरमध्ये दिसणार नाही. दोन-चार नावं दरवर्षी ठळक येतात, आणि खाली लांबलचक शेपूट असतं, जिथे एखाद्या देशाला एखाद्या वर्षी थोडेसे पैसे गेलेत आणि पुढे काहीच नाही. भारत कुठे आहे ते तिथे शोधा. शेपटात असेल तर कळलं.

सीआरएसचा डेटा मागच्या वर्षाचा असतो, त्यामुळे आत्ता काय चाललंय हे बघायला आयएटीआय नावाची व्यवस्था आहे, २००८ मध्ये घानातल्या अक्रामध्ये सुरू झाली, डोनर स्वतःच तिथे चालू प्रोजेक्टची माहिती टाकतात, आणि डी-पोर्टल नावाच्या साईटवर ती देशवार बघता येते. सगळे डोनर सारख्या निष्ठेने टाकत नाहीत, पण चालू प्रोजेक्ट कधी संपणार हे कळायला उपयोगी.

यादीत देश येतात कसे

आता खरा प्रश्न. गरज सगळ्यात जास्त तिथे सगळ्यात जास्त पैसा, असं सरळ असतं का? नाही. गरज हे एक कारण, त्याच्या जोडीला बाकीचीही असतात, आणि प्रत्येक छोट्या डोनरमध्ये त्यांचं प्रमाण वेगळं.

इतिहास हे सगळ्यात ढोबळ. पोर्तुगालच्या यादीत मोझांबिक, अंगोला, केप व्हर्दे, गिनी-बिसाऊ, साओ टोमे आणि तिमोर-लेस्ते हे देश आलटून पालटून वर असतात, सगळे त्यांच्या जुन्या वसाहती. वसईच्या किल्ल्याखाली राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. बेल्जियमचं बरंच लक्ष काँगो-रवांडा-बुरुंडीच्या पट्ट्यात राहिलं, आणि २०२५ मध्ये रवांडाने बेल्जियमशी राजनैतिक संबंधच तोडले, म्हणजे जुनं नातं असलं म्हणून ते कायम टिकतं असंही नाही.

शेजार हे दुसरं. न्यूझीलंडचा निम्म्याहून बराच जास्त पैसा पॅसिफिक बेटांवर जातो, तसं धोरणच आहे. स्लोव्हेनिया पश्चिम बाल्कनकडे बघतो, एस्टोनियासारखे देश युक्रेन, जॉर्जिया, मोल्दोव्हाकडे. यात भूगोल आहे, सुरक्षा आहे, आपल्या सीमेजवळ गडबड नको ही साधी भावना आहे.

आयर्लंडचं थोडं वेगळं. त्यांनी कधी कोणावर राज्य केलं नाही, पण त्यांचे मिशनरी आफ्रिकेत शाळा-दवाखाने चालवत होते, आणि १९७४ मध्ये सरकारी मदत सुरू झाली तेव्हा जिथे आपली माणसं आधीच आहेत तिथून सुरुवात झाली, लेसोथो त्यातलाच. भूक आणि पोषण हा विषय ते सोडत नाहीत, त्याच्या मागे १८४० च्या दशकातला त्यांचा स्वतःचा बटाट्याचा दुष्काळ आहे. आणि आयर्लंडची मदत अटींशिवाय असते, म्हणजे आमच्याच कंपन्यांकडून माल घ्या असं बंधन नसतं. छोट्या देशाला, जिथे स्वतःच्या उद्योगांना काम मिळवून द्यायचा मोह जास्त असू शकतो, तिथे हे पाळणं मोठी गोष्ट आहे.

यूएनमधली मतं हेही एक कारण आहे आणि त्याबद्दल कोणी फार मोठ्याने बोलत नाही. सुरक्षा परिषदेच्या तात्पुरत्या जागेसाठी महासभेत निवडणूक होते, तिथे चिमुकल्या बेटाचं मत आणि मोठ्या देशाचं मत सारखंच. लक्झेंबर्ग २०१३-१४ मध्ये, न्यूझीलंड २०१५-१६ मध्ये, आयर्लंड आणि नॉर्वे २०२१-२२ मध्ये तिथे बसले. आयर्लंडने लहान बेटांच्या देशांसाठी खास धोरण आणलं ते २०१९ मध्ये, निवडणुकीच्या आदल्या वर्षी. त्या बेटांना समुद्र गिळतोय हेही तितकंच खरं, त्यामुळे हेतू एकच होता असं मी म्हणणार नाही, पण तारखा शेजारी शेजारी ठेवून वाचायची सवय लावा.

आणि एक तांत्रिक गोष्ट. मदत मोजली जाते ती डॅकच्या यादीतल्या देशांना दिलेली. कुक बेटं १ जानेवारी २०२० ला श्रीमंत झाल्याच्या कारणाने त्या यादीतून बाहेर पडली, म्हणजे त्यानंतर न्यूझीलंडने तिथे दिलेला पैसा ओडीएत धरला जात नाही. नातं तेच, बेटं तीच, कोविडने पर्यटन बंद पाडलेलं त्याच वर्षी, पण कागदावर आकडा गायब. एखादा देश पिव्हटमधून अचानक नाहीसा झालेला दिसला तर आधी हे तपासा.

ज्याला जे येतं तेच तो देतो

छोट्या डोनरकडे सगळ्या विषयांचे तज्ज्ञ नसतात, मग ते आपल्या घरी जे जमलंय ते बाहेर नेतात. आइसलँड भू-औष्णिक ऊर्जा आणि मासेमारी शिकवतो, त्यासाठी त्यांचे प्रशिक्षण कार्यक्रम दशकानुदशकं चालू आहेत. लक्झेंबर्ग बँकांचा देश, त्यांचा हात मायक्रोफायनान्सला. एस्टोनिया ई-गव्हर्नन्स. तुमचा विषय यात बसत नसेल तर ओढून ताणून बसवू नका, तिकडच्या माणसाला दोन ओळींत कळतं.

याचं आपल्या घरचं उदाहरण आहे आणि ते प्रत्येक कोळीवाड्यात सांगण्यासारखं आहे. नॉर्वेने विकास मदत म्हणून हाती घेतलेला पहिला प्रोजेक्ट भारतातला, केरळात कोल्लमजवळ नींदकरा इथे. १९५२ मध्ये यूएन, भारत आणि नॉर्वे असा तिघांचा करार झाला. मच्छीमारांचं उत्पन्न वाढावं, गावाचं आरोग्य सुधारावं, इंजिनाच्या होड्या याव्यात, बर्फाची सोय व्हावी हा विचार होता, आणि नॉर्वेला मासेमारी येत होती म्हणून मासेमारी निवडली. होड्या आल्या. पण पुढे कोळंबीला परदेशात भाव मिळायला लागला आणि गाडी ट्रॉलिंगकडे वळली, ज्यांच्याकडे भांडवल होतं ते पुढे गेले, आणि पारंपरिक होडीवाले आणि ट्रॉलरवाले यांच्यात वर्षानुवर्षं संघर्ष पेटला, शेवटी १९८८ पासून केरळात पावसाळी ट्रॉलिंग बंदी आली. डोनरचा हेतू चांगला होता यात शंका नाही, पण किनाऱ्यावर आधीपासून कोण काय करतंय, जाळं कोणाचं आणि मासळी विकतं कोण, हे विचारायला उशीर झाला की काय होतं ते यात दिसतं. वर्सोवा किंवा वरळीच्या मावशीला हे सांगून बघा, ती पुढचं स्वतःच सांगेल.

म्हणून पर्पज कोडवर पिव्हट काढताना फक्त 'आपला विषय आहे का' एवढंच बघू नका. तो विषय त्यांच्याकडे किती वर्षं आहे आणि त्यात त्यांनी कोणाला विचारून काम केलं, हे वर्णनाच्या रकान्यात आणि त्यांच्या मूल्यमापन अहवालांत शोधा. नॉर्वे, आयर्लंड, आइसलँड आपले अहवाल साईटवर ठेवतात आणि त्यात स्वतःवर टीका असलेले अहवालही असतात.

पैसा कोणाच्या हातून जातो

चॅनल कोडचा रकाना इथे कामाला येतो. १२००० ने सुरू होणारे म्हणजे घेणाऱ्या देशाचं सरकार. २२००० म्हणजे डोनर देशातलीच एनजीओ. २३००० म्हणजे विकसनशील देशातली एनजीओ, म्हणजे तुम्ही-आम्ही. ४०००० च्या घरातले म्हणजे यूएन, वर्ल्ड बँक वगैरे. आता २२००० आणि २३००० यांच्या बेरजा शेजारी मांडून बघा. डॅक देशांचं एकूण चित्र असं आहे की एनजीओंसाठीचा मोठा वाटा स्वतःच्या देशातल्या संस्थांना जातो आणि २३००० ला त्यामानाने फार थोडं येतं. मला याचं वाईट वाटतं, स्थानिक संस्थांना बळ देऊ असं प्रत्येक परिषदेत बोललं जातं आणि रकाना मात्र हलत नाही. पण प्रॅक्टिकल अर्थ असा, की तुमचा खरा दरवाजा बहुधा डब्लिन किंवा ऑस्लोमधल्या त्या मधल्या संस्थेचा आहे, मंत्रालयाचा नाही. वर्णनात त्या संस्थेचं नाव असतं, ते उतरवून घ्या.

आइसलँडची पद्धत जरा थांबून बघण्यासारखी आहे. १९८९ पासून ते मलावीत आहेत. सगळा देश व्यापायला न जाता त्यांनी मंगोची जिल्हा धरला, लेक मलावीच्या दक्षिण टोकाचा, आणि तिथल्या जिल्हा परिषदेबरोबर बसून पाणी, प्राथमिक शाळा, बाळंतपणाची सोय यावर वर्षानुवर्षं काम केलं, जिल्हा हॉस्पिटलला नवीन प्रसूती विभाग उभा राहिला. पैसा जिल्हा परिषदेच्या यंत्रणेतून जातो. युगांडात तसंच बुइक्वे जिल्ह्यात. सरकार बदललं, २०१६ मध्ये त्यांची स्वतंत्र एजन्सी बंद होऊन परराष्ट्र मंत्रालयात विलीन झाली, तरी मंगोची सुटला नाही. छोट्या डोनरने कसं वागावं याचं मला हे सगळ्यात चांगलं उदाहरण वाटतं. गरोदर बाईला डोनरच्या पॉलिसीत यावर्षी काय आलं याच्याशी देणंघेणं नसतं, तिला पुढच्या वर्षीही तो विभाग चालू हवा असतो.

भारताचं गणित वेगळं आहे

आता ज्याच्यासाठी बरेच जण इथपर्यंत वाचत आलेत ते. जून २००३ मध्ये भारत सरकारने ठरवलं की सरकार-ते-सरकार मदत मोजक्याच मोठ्या देणगीदारांकडून घ्यायची, बाकीच्या छोट्या देशांनी आपला पैसा एनजीओ किंवा यूएनमार्फत द्यावा. २००४ मध्ये थोडी ढील दिली, पण जी-८ बाहेरच्या युरोपियन युनियनच्या देशांसाठी वर्षाला किमान २.५ कोटी डॉलरची अट आली. लक्झेंबर्गच्या आकाराच्या देशाला हे परवडणारं नाही. त्यात १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर डेन्मार्क, स्वीडनसारख्यांनी आधीच हात आखडता घेतलेला. त्यामुळे छोट्या डोनरच्या यादीत भारत दिसत नाही याचं अर्धं कारण दिल्लीत आहे, आणि हे समजून न घेता त्यांना नावं ठेवणं बरोबर नाही. अपवाद होतात, नॉर्वेबरोबर २००६ पासून बालमृत्यू कमी करायचा कार्यक्रम झाला, पण तो बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, राजस्थान अशा राज्यांसाठी, महाराष्ट्रासाठी नाही.

मुंबईला त्यांचा पैसा मिळालाच नाही असंही नाही. २००२ मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपीला, म्हणजे मुंबईच्या शहरी वाहतूक प्रकल्पाला, वर्ल्ड बँकेचं कर्ज होतं, त्यातला थोडा भाग आयडीएचा, आणि आयडीएच्या तिजोरीत डेन्मार्क, आयर्लंड, नॉर्वे सगळ्यांचे पैसे पडतात. युनिसेफचं महाराष्ट्राचं काम मुंबईतून चालतं आणि युनिसेफला विनाअट पैसे देणाऱ्यांत नॉर्वे-स्वीडन कायम पुढे असतात. या पैशावर देशाचं लेबल नसतं, पण तुम्ही युनिसेफबरोबर काम करत असाल तर एका अर्थाने तो पैसा तुमच्यापर्यंत आलेला आहे.

एफसीआरएची, म्हणजे परदेशी निधी घेण्याच्या कायद्याची, बाजू आधी पक्की करा, नाहीतर वरचं सगळं वाचून उपयोग नाही. नवीन नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च केलेला लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी दिल्लीतल्या एसबीआयच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, प्रशासनावर २० टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही, आणि मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. हा शेवटचा मुद्दा फार लागतो, कारण आधी एखादी मोठी संस्था पैसा आणून वस्तीतल्या पाच लहान मंडळांना वाटायची, ते बंद झालं. आणखी एक, वकिलातीने मुंबईत रुपयांत चेक दिला तरी तो परदेशी निधीच धरला जातो. यूएनच्या संस्थांकडून येणारा पैसा मात्र त्यात मोडत नाही. वकिलातींचे छोटे फंड असतात, काही लाखांचे, ऑस्ट्रेलियाचा डायरेक्ट एड प्रोग्रॅम त्यातलाच, पण इथली बहुतेक कौन्सुलेट व्यापारासाठी आहेत हे लक्षात ठेवून फोन करा, आणि पहिल्याच वाक्यात कशासाठी फोन केलाय ते सांगा, ताकाला जाऊन भांडं लपवू नका.

कधी बघायचं

डोनरचं कॅलेंडर आपल्या मार्चशी जुळत नाही. स्वीडनचं बजेट सप्टेंबरमध्ये येतं, नॉर्वे आणि आयर्लंडचं ऑक्टोबरमध्ये, न्यूझीलंडचं मे महिन्यात आणि त्यांचं वर्ष जुलैला सुरू होतं. बजेट यायच्या आधीचे तीन-चार महिने मधल्या संस्था आपले पार्टनर पक्के करत असतात, तेव्हा तुमची एक पानी कॉन्सेप्ट नोट त्यांच्या हातात असली पाहिजे. सध्या एकूणच हात आखडलाय, २०२४ मध्ये डॅक देशांची मदत सुमारे ७ टक्क्यांनी घटली, २०२५ मध्ये अमेरिकेचं यूएसएड बंद झालं, आणि छोट्या डोनरच्या दारात सगळ्या जगाची रांग लागलीय, त्यामुळे यादीबाहेरच्या देशाला नवीन करार मिळणं अजून अवघड झालंय.

एक डॉक्युमेंट मात्र वेळ काढून पूर्ण वाचा, डॅकचा पीअर रिव्ह्यू. साधारण पाच-सहा वर्षांनी दोन सदस्य देश मिळून तिसऱ्याची तपासणी करतात, आणि देश निवडताना नेमके निकष काय वापरले, कुठे बोलणं आणि करणं जुळलं नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. डोनरच्या स्वतःच्या वेबसाईटपेक्षा हे आधी वाचा.

मग ट्रस्टींसाठी एक पान करा: वजाबाकीनंतर उरलेली रक्कम, पाच वर्षांतले वरचे पाच देश, आपल्या विषयाचा कोड आणि त्यावरची रक्कम, २२००० मधल्या ज्या संस्था भारतात काम करतात त्यांची नावं, आणि पुढच्या बजेटचा महिना. एवढ्यावर दहा मिनिटांत हो-नाही ठरतं. प्राथमिक आकडे दर एप्रिलमध्ये येतात पण ते फक्त बेरजांचे, ओळीनिहाय पूर्ण सीआरएस वर्षाच्या शेवटी येतं, तेव्हा ही फाईल जानेवारीत पुन्हा उघडून नवीन वर्षाचा रकाना तेवढा जोडायचा.